एका चेकाची हकिगत

गतवर्षी नववीच्या वर्गात व्याकरणाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याच्या वहीआड दडलेले सुपरमॅनचे चित्रपुस्तक आम्ही जप्त करून मेजाच्या खणात टाकले. ते परत देण्याचे स्मरण आम्हांस राहिले नाही. सुट्टीत सहज हाती लागले, तेव्हा हा वीर मुळात निघाला कोणाच्या डोक्यातून, याचा शोध घ्यावासा वाटला.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथील ग्लेनव्हिल हायस्कुलात जेरी सीगल व जो शूस्टर हे दोन मित्र शिकत असत. जेरी लिही, जो चित्रे काढी. जेरीचे आरंभीचे लेखन शाळेच्याच ‘ग्लेनव्हिल टॉर्च’ पत्रात येई. सुपरमॅनची कल्पना घेऊन दोघांनी पुढे कित्येक वर्षे प्रकाशकांचे उंबरठे झिजविले. अखेर १९३८ च्या मार्चात १३ पृष्ठांची कथा, पृष्ठास १० डॉलर या दराने, १३० डॉलरांस विकली गेली. आणि तिच्याबरोबर नायकावरील सारे हक्कही गेले. इतर कामांचे पैसे धरून चेक ४१२ डॉलरांचा होता. त्यावर दोघांचीही नावे अशुद्ध लिहिलेली! सबब पाठीमागे एकदा चुकीची व एकदा खरी, अशा सह्या कराव्या लागल्या. एसावाने मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, कारण तो भुकेला होता. हे दोघे तरी कोठे तृप्त होते?

‘ॲक्शन कॉमिक्स’चा तो पहिला अंक १० सेंटांना मिळे. पुढे महायुद्धात मुलांनी असली पुस्तके ढिगांनी रद्दीच्या मोहिमेस दिली. त्या अंकाच्या अदमासे शंभरच प्रती उरल्याचे जाणकार मानतात. २०२४ साली एकीस लिलावात ६० लाख डॉलर आले.

निर्मात्यांच्या वाट्यास मात्र कोर्टकचेऱ्या आल्या. शूस्टरची दृष्टी मंदावली. १९७५ साली, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर, मालक कंपनीने दोघांस वार्षिक २०,००० डॉलर व नावाचा उल्लेख देऊ केला. शूस्टर १९९२ साली वारले, सीगल १९९६ साली. २०१२ मध्ये तो जुना चेक, नुसता कागद म्हणून, १,६०,००० डॉलरांना विकला गेला.

जूनमध्ये आम्ही ते पुस्तक परत केले. त्यापूर्वी आतून एक घडी घातलेला कागद पडला. त्यावर त्या मुलाने पेन्सिलीने काढलेला स्वतःचाच एक वीर होता. ते चित्र याच अंकात त्याच्या नावानिशी छापले आहे. नावाचे शुद्धलेखन आम्ही दोनदा तपासले.