माझा ध्वनिप्रपंच

मराठी विषय घेतलेल्या मुलीने हातात करवत का धरावी, हा प्रश्न आमच्या आपट्यात बऱ्याच जणांना पडला. अशा मुलीने फार तर कविता कराव्यात, भित्तिपत्रकासाठी सुवाच्य अक्षर काढावे आणि बक्षीस समारंभात ईशस्तवन म्हणावे, अशी सर्वसाधारण समजूत. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अस्मादिकांच्या डोक्यात स्पीकर बनवण्याचे खूळ शिरले ते शिरलेच.

या खुळाचे मूळ नवीन पनवेलला. तिथे एका मैत्रिणीच्या घरी मी 'होम थिएटर' पाहिले. चुकले, ऐकले. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि मी चक्क खिडकीकडे पाहिले, वाळत घातलेले कपडे आठवून. परतीच्या गाडीत निश्चय केला की आपल्या घरीही असे हवे. मग किंमत समजली आणि निश्चयात थोडी दुरुस्ती झाली : आपल्या घरीही असे हवे, पण आपण स्वतः बनवलेले.

वाचायला बसले तेव्हा कळले की स्पीकर ही मुळात साधी वस्तू आहे. एक लोहचुंबक, त्यात तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. विजेच्या तालावर वेटोळे मागेपुढे होते, शंकू हवेला ढकलतो आणि आपण म्हणतो, वा! राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली मांडलेली ही रचना अजून चालू आहे. गोम अशी की शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघडा ठेवला तर मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि खालच्या पट्टीतल्या पुढच्या आवाजाला गिळून टाकतो. म्हणून पेटी लागते. मी आजवर समजत होते की पेटी शोभेसाठी असते! पेटीचे आकारमानही वाटेल तेवढे धरून चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या थील यांनी 1961 साली आणि पुढे 1970च्या दशकात स्मॉल यांनी त्याचे गणित बसवून दिले. दहावीनंतर गणिताला मी जो रामराम ठोकला होता, तो असा पुन्हा समोर उभा राहिला.

शिकवण्यांचे साठवलेले पैसे घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. पनवेलहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड. दुकानदाराने विचारले, "भावानं पाठवलंय का?" मी म्हटले, "भाऊ नाहीये. मलाच हवेत." त्यानंतर मात्र त्या गृहस्थाने मनापासून शिकवले. वूफर जाड आवाजाचा, ट्वीटर बारीक आवाजाचा, आणि ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर बसवायचा, म्हणजे जाड आवाज त्याच्यापर्यंत पोचताना अडतो. 8 ओहमच्या ट्वीटरला 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की सुमारे 4200 हर्ट्झच्या वरचा प्रांत त्याचा. हा आकडा मी वहीत लिहून घेतला. तो पुढे वेगळ्याच कागदावर भेटायचा होता.

एक वापरलेला रिसीव्हर, दोन बाजूंचे स्पीकर आणि एक सबवूफर एवढ्यात पैसे संपले. टीव्हीखालचा मधला स्पीकर मी पुढच्या वर्षावर ढकलला. त्याच्यातून नुसती बोलणी ऐकू येतात, मग त्याची एवढी घाई कशाला? मला गडगडाट हवा होता!

पेट्यांसाठी सुतारमामांकडे गेले. 18 मिलिमीटरचे प्लायवूड कापताना ते म्हणाले, "पोरी, खुराडं करतेस का काय? कोंबड्या किती आहेत?" पण सांधे त्यांनी असे जुळवले की फटीत कागदही शिरेना. उरलेल्या बारीक भेगा मी लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून बुजवल्या आणि आत उशीतला कापूस पसरला. आईने उशी शोधली, तेव्हा मी अभ्यासात मग्न होते.

उद्घाटनाच्या रात्री एक मारामारीचा चित्रपट लावला. पहिल्या स्फोटाला मांडणीवरची भांडी किणकिणली, शेजारचा कुत्रा केकाटला आणि मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "आवाज दणदणीत आहे. पण ती माणसं बोलतात काय?"

मी हिरमुसले. मग नीट ऐकले, तर बोलणे खरोखरच पोकळ येत होते. दुसऱ्या दिवशी दीड व्होल्टचा सेल प्रत्येक वूफरला क्षणभर लावून पाहिला. एकाचा शंकू पुढे उडी मारी, दुसऱ्याचा मागे. एकीकडच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या! एक हवा ढकलत होता, दुसरा ओढत होता. तारा बदलल्या आणि पडद्यावरचा माणूस एकदम पडद्यामध्येच उभा राहून बोलू लागला. मी बाबांना हाक मारली. त्यांनी पाच मिनिटे ऐकले आणि मान डोलावली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोन वर्षं झाली, ते सगळ्यालाच मान डोलावतात."

बाबांनी एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या शेजारी बावीस वर्षे काढली. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख पुढे ठेवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि 4000 हर्ट्झपाशी दरीत कोसळली होती. माझ्या वहीतला ट्वीटर जिथे बोलायला लागत होता, त्याच सुमाराला बाबांचा कान ऐकायचा थांबत होता. डॉक्टर म्हणाले की सततच्या गोंगाटाने कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. बहुधा पहिला घाव याच ठिकाणी पडतो.

भाषाशास्त्राच्या तासाला आपण सर्वांनी स्वर आणि व्यंजने यांचे वर्गीकरण घोकले आहे. मला त्यात गुणही चांगले होते. पण 'आ', 'ओ' हे स्वर जाडजूड असतात, 'स', 'श', 'त', 'फ' ही नाजूक व्यंजने वरच्या पट्टीत राहतात आणि शब्दाचा अर्थ बराचसा या नाजूक मंडळींच्या हाती असतो, हे मला त्या कागदाने शिकवले. बाबांना आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी ओरडून बोलले की स्वर मोठे होत. व्यंजने होती तिथेच राहत.

श्रवणयंत्र महिन्याभराने आले. दरम्यान मी तिसरी, लहानशी पेटी बनवली. हीच ती मधली, जी मी पुढच्या वर्षावर ढकलली होती. ती बाबांच्या खुर्चीसमोर कानाच्या उंचीवर ठेवली, तिचा आवाज वाढवला आणि माझा लाडका सबवूफर उतरवला. त्याने थोडा फरक पडला, यंत्राने अधिक पडला. सर्वांत अधिक फरक कशाने पडला, तर समोर बसून, तोंड उजेडात ठेवून, सावकाश बोलण्याने. त्याला खर्च काहीच आला नाही.

त्या पेटीवर बाबांनी मागितलेला पहिला चित्रपट 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. 1995च्या या चित्रपटातला शेवटचा गाडीचा प्रसंग आमच्या आपटा स्टेशनात चित्रित झाला. बाबा तेव्हा विशीत होते आणि गर्दीत दूर उभे होते. त्यांना गाडी दिसली, माणसे दिसली, ऐकू मात्र एक शब्द आला नाही. पुढे टीव्हीवर किती वेळा पाहिला, पण अलीकडे तेही गेले होते. त्या रात्री मुलीचा हात सोडताना बाप बोलतो, ते वाक्य बाबांनी खुर्चीत पुढे वाकून ऐकले. गाडी निघून गेली. मी रिसीव्हर बंद केला.

"तुझी आई म्हणते, तुला एम.ए.ला मुंबईला जायचंय," बाबा म्हणाले. "मला नाही ते कधी बोललीस?"

मी बोलले होते. दिवाळीत, ओटीवर, फटाक्यांच्या आवाजात. ते "बरं" म्हणाले होते आणि पुढे काही विचारले नव्हते. ते "बरं" मी सहा महिने मनात धरून बसले होते. बाबांना माझ्या शिक्षणाचे काही पडलेले नाही, असा त्याचा अर्थ लावून. परीक्षेचा फॉर्मसुद्धा त्याच रागात भरला होता.

मी काही न बोलता उठले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली, दिवा लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.