आठ तास कामाचे, आठ झोपेचे, आणि उरलेले आठ?

नॉर्वे म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, भूगोलाच्या पुस्तकातली सहा महिन्यांची रात्र. आणि दुसरी, नाक दाबून पाजलेलं कॉडलिव्हर ऑइल. माणूस नाटकवेडा असेल तर तिसरी गोष्ट इब्सेन. पण बँकेत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याचं इब्सेनशी जरा बिनसलेलं आहे. त्याच्या १८७९ सालच्या ‘डॉल्स हाउस’मध्ये नोराचा नवरा बँकेचा मॅनेजर होतो, आणि खुर्ची ऊबदार व्हायच्या आत हाताखालच्या एका माणसाला नोकरीवरून काढतो. नोरा घर सोडून गेली त्यावर जगभर ग्रंथ लिहिले गेले. त्या बिचाऱ्याची नोकरी गेली त्याबद्दल युनियनचं निषेधाचं साधं पत्रकसुद्धा निघालं नाही!

बरं, हे दुर्लक्ष पुढेही चालूच. १९३३ साली मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे मराठी नाटक गाजलं, तेही मूळचं ब्यर्नसन या नॉर्वेच्याच लेखकाचं. म्हणजे आमचे प्रेक्षक नॉर्वेतल्या नीतिप्रश्नांवर चर्चा करीत होते. पण त्याच सुमाराला खुद्द नॉर्वेतली साधी माणसं दिवसभर काय करीत होती, कामावरून सुटल्यावर कुठे जात होती, याची चौकशी कोणी केली नाही. ती मी माझ्या परीनं केली.

पहिली गोष्ट, सहा महिन्यांची रात्र फक्त ध्रुवावर. राजधानीत डिसेंबरातसुद्धा पाच-सहा तास उजेड असतो. ही राजधानी १९२५ पर्यंत क्रिस्तियानिया होती. त्या वर्षी एक जानेवारीला तिचं ओस्लो झालं. शहराचं नाव बदललं की इतरांना इतिहास आठवतो. मला मात्र कचेऱ्याकचेऱ्यांतले रबर स्टॅम्प आठवतात. कोणत्या तरी कारकुनानं त्या दिवशी जुन्या लेटरहेडांचे गठ्ठे मोजले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. १९१९ साली तिथे कामगारांचा दिवस कायद्यानं आठ तासांचा झाला. आठ तास काम, आठ तास झोप. हिशेब इथवर सोपा आहे, बी.कॉम. नसलेल्यालाही जमेल. प्रश्न उरलेल्या आठांचा! कारण नेमक्या त्याच वर्षी सार्वमत घेऊन लोकांनी कडक दारूवर कायमची बंदी घातली. म्हणजे एका हातानं संध्याकाळ मोकळी केली आणि दुसऱ्या हातानं ग्लास काढून घेतला. आता आपल्याकडे ‘परमिट’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, तेव्हा पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. औषध म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रँडी मिळत असे. झालं! काटक म्हणून नावाजलेल्या त्या देशातली माणसं धडाधड आजारी पडू लागली. समुद्रमार्गे चोरटा मालही येत होताच. शेवटी १९२६ साली पुन्हा सार्वमत झालं आणि बंदी उठली. त्यानंतर लोकांची प्रकृती एकदम सुधारली असावी.

मग संध्याकाळी जायचं कुठे? सिनेमाला. आणि इथे आपण मराठी माणसांनी हात जोडावेत असा चमत्कार आहे. १९१३ च्या कायद्यानं सिनेमाचा परवाना देणं नगरपालिकेच्या हाती आलं. नगरपालिकांनी विचार केला, परवाना दुसऱ्याला कशाला? स्वतःलाच देऊ! आणि एकेका शहरात त्या थिएटरच्या मालक होऊन बसल्या. नगरपालिका आणि करमणूक यांचा संबंध आम्ही सर्वसाधारण सभेपलीकडे कधी पाहिलेला नाही, आणि त्या करमणुकीला तिकीट नसतं. तिथे तिकिटं खपत होती आणि नफा गावाच्या तिजोरीत पडत होता. ओस्लोच्या या थिएटरांच्या नफ्यातूनच पुढे मुंक या चित्रकाराचं संग्रहालय उभं राहिलं आणि १९६३ साली उघडलं. मुंक म्हणजे ती जगप्रसिद्ध ‘किंकाळी’ रंगवणारा. पिटातल्या प्रेक्षकांच्या पैशानं किंकाळीला छप्पर मिळावं, यापेक्षा योग्य विनियोग मला तरी सुचत नाही.

आणि ईस्टरची सुट्टी! बर्फ शिल्लक असतो, दिवस मोठा झालेला असतो, आणि ऐपत असेल तो स्की खांद्यावर टाकून डोंगराकडे पळतो. १९२३ साली याच गर्दीच्या तोंडावर ‘आफ्टनपोस्टन’ या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापून आलं की, बर्गनची गाडी काल रात्री लुटली! लोकांची पाचावर धारण बसली. नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला, की ही बातमी नव्हे, नव्या रहस्यकथेची जाहिरात आहे. पुस्तक अर्थातच धो धो खपलं. तेव्हापासून ईस्टर आला की रहस्यकथा वाचायची, ही त्या देशाची रीतच होऊन बसली. आम्ही दिवाळीला अंक घेतो, ते ईस्टरला खून घेतात.

इथवर सगळं मजेचं झालं. पण जमेची बाजू सांगून खर्चाची झाकायची, हे माझ्या धंद्यात बसत नाही.

१९२० नंतर तिथल्या बँका एकामागून एक बुडू लागल्या, मोठ्या मोठ्यासुद्धा. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख निकोलाय रिग यांनी, क्रोनला सोन्याच्या जुन्या भावावर आणीनच, असा पण केला आणि १९२८ साली तो तडीस नेला. क्रोन वर गेली, किमती खाली आल्या. ऐकायला छान वाटतं. पण ज्या शेतकऱ्यानं स्वस्त क्रोनमध्ये कर्ज काढलं होतं, त्याला ते महाग क्रोनमध्ये फेडावं लागलं. आकडा तोच, ओझं कितीतरी जास्त. १९३१ साली मालकांनी पुकारलेली टाळेबंदी एप्रिल ते सप्टेंबर चालली. १९३३ च्या सुमाराला युनियनच्या सभासदांपैकी जवळजवळ दर तिसरा माणूस बेकार होता. त्याच्यापाशी उरलेले आठच काय, चोवीसच्या चोवीस तास मोकळे होते. बर्फ फुकट होता, डोंगर फुकट होता. पण रिकामं असणं वेगळं आणि सुट्टीवर असणं वेगळं. सुट्टीवरच्या माणसाला परत जायला जागा असते. रिकाम्या माणसाला ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाचीसुद्धा भीती वाटते. बँकेच्या काउंटरवर बसून मी पासबुकं पाहत असतो, तेव्हा दर महिन्याला येणारी पगाराची नोंद अचानक थांबलेली दिसते. खातेदार काही बोलत नाही. मीही विचारत नाही.

म्हणून मला नॉर्वेच्या त्या वीस वर्षांतली सर्वांत मोठी घटना कोणती वाटते, सांगू? १९३६ सालचा कायदा. त्यानं कामगाराला वर्षाकाठी नऊ दिवसांची भरपगारी सुट्टी दिली. नऊच दिवस! पण त्या नऊ दिवसांत चूल पेटलेली राहणार होती. पुढल्याच वर्षी, १९३७ मध्ये, डोंगरात खिशात टाकून न्यावं असं ‘क्विक लुन्श’ नावाचं चॉकलेट बाजारात आलं. व्यापारी लोकांचं नाक किती तिखट असतं पाहा. माणसाला सुट्टी मिळाली, की तिचा वास पहिल्यांदा त्यांना येतो. पुढे १९४० च्या एप्रिलात जर्मन फौजा आल्या आणि डोंगराकडे जायची कारणंच बदलली. पण थोडी वर्षं का होईना, उन्हाळे हक्काचे मिळाले.

आमच्याकडे रजेच्या अर्जात ‘कारण’ असा एक रकाना असतो. त्यात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहीत आलो. एकेका सहकाऱ्यानं या कारणाखाली महाबळेश्वर पाहिलं, क्रिकेटची टेस्ट पाहिली, मेहुणीचं लग्न तर तीनतीनदा उरकलं. आराम हवा, असं लिहायची मात्र कोणाची छाती झाली नाही. जणू आराम हा गुन्हा आणि घर हा जामीन. त्या नऊ दिवसांचं मोल मला इथे कळतं. दमलेल्या माणसाला विसावा हवा, एवढं कारण त्या कायद्यानं पुरेसं मानलं, आणि त्याखाली सरकारी शिक्का मारला.