मातीतले नाव

मृतांना मूठमाती देणे हे दयेचे शारीरिक कृत्य होय, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. राजाचा रोष पत्करून बांधवांची प्रेते पुरणारा तोबीतही आपल्या परिचयाचा आहे. परंतु पुरलेल्या अस्थी उकरून काढणे हे दयेचे कृत्य ठरेल काय?

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन कन्येने हा प्रश्न आम्हांला विचारला. चार मैत्रिणींसह ती न्यायसहायक विज्ञानाचा प्रकल्प करीत होती. सांगाड्याची मापे घेताना प्रथम चेष्टामस्करी चाले. एके दिवशी एकीच्या तोंडून निघाले, "ही कुणाची तरी आई असेल." मग कुणी हसले नाही. "फादर, अशाने मृतांची शांती भंगते ना?" असे तिने विचारले.

आम्ही तिला अर्जेंटिनाची हकीकत सांगितली. १९७६ ते १९८३ या काळातील लष्करी राजवटीत तेथे हजारो माणसे नाहीशी करण्यात आली. पुढे निनावी कबरी यंत्रांनी उकरल्या गेल्या, तेव्हा अस्थींची सरमिसळ होऊन पुरावा नष्ट झाला. १९८४ साली अमेरिकन अस्थितज्ज्ञ क्लाइड स्नो तेथे गेले. त्यांच्या मदतीस धावले ते मानववंशशास्त्राचे व वैद्यकाचे मूठभर विद्यार्थी. कुंचल्याने माती दूर सारावी, दात व जुने अस्थिभंग नोंदवावेत, असे ते काम. दिवसा काम करा, रडायचे ते रात्री, अशी स्नो यांची शिकवण होती.

एस्तेर बायेस्त्रिनो या मातेची कन्या कैदेतून सुटली होती. तरी इतरांच्या लेकरांसाठी ती झटत राहिली. तरुणपणी पोप फ्रान्सिस यांनी प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली काम केले होते. ८ डिसेंबर १९७७ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, ब्युनोस आयर्सच्या सांताक्रूझ चर्चजवळून तिला पळविण्यात आले. विमानातून समुद्रात फेकलेला तिचा देह किनाऱ्यास लागला आणि निनावी पुरला गेला. विद्यार्थ्यांच्या त्या गटातून उभ्या राहिलेल्या पथकाने २००५ साली तिची ओळख पटविली. फ्रेंच धर्मभगिनी लेओनी द्युके यांचीही पटली. दोघींना त्याच चर्चच्या आवारात विसावा मिळाला.

मृतांची शांती कुदळीने भंगत नाही. ती भंगते नाव पुसल्याने. प्रभू आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. ज्यांनी अस्थींना त्यांचे नाव परत दिले, त्यांनी तोबीताचेच काम पुढे नेले, असे आम्ही मानतो. नोव्हेंबरात मृतांची नावे वाचताना, ज्यांचे नाव कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही आपण क्षणभर थांबू या.