मनगटापेक्षा मोठे!

“स्वित्झर्लंडला जाऊन घड्याळे पाहायची नाहीत, म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाला टाळायचे!” असे सौभाग्यवतींनी बजावले, आणि चिमुकल्या आगगाडीने झू सरोवराच्या काठाकाठाने आम्ही ल ब्रासू गावी उतरलो.

हजार मीटर उंचीवरचे हे खोरे. पूर्वी हिवाळ्यात बर्फाने वाटा अडल्या, की इथले शेतकरी खिडकीशी बसून घड्याळांचे सुटे भाग घडवीत. त्याच परंपरेत 1875 साली ओदमार पिगे ही पेढी उभी राहिली. 2020 मध्ये उघडलेले तिचे संग्रहालय म्हणजे गवतात विसावलेली काचेची गोगलगायच!

आमच्या घोळक्यात दोन संग्राहक होते. त्यांतल्या धिप्पाड गृहस्थांच्या मनगटावर ‘रॉयल ओक ऑफशोअर’ होते. अष्टकोनी, आठ स्क्रूंनी आवळलेले, पोटात थांबघड्याळ बाळगणारे आणि 42 मिलिमीटर रुंद! 1993 साली हे प्रथम आले तेव्हा जाणत्यांनी नाके मुरडली. ‘श्वापद’ हे नाव त्याला चिकटले ते कायमचेच.

“जेराल्ड जेंटाने रेखाटलेले 1972 सालचे मूळ रॉयल ओक कसे बाहीखाली अलगद सरके!” सडपातळ गृहस्थ कळवळून म्हणाले. “हे कसले घड्याळ? बरणीचे झाकण!”

“तेही 39 मिलिमीटरचे होते. त्यालाही लोक अवाढव्यच म्हणाले,” धिप्पाड हसले. “आज त्याच्यापुढे हात जोडता. उद्या याच्यापुढे जोडाल!”

त्यांनी ते माझ्या हातावर चढवले. नातवाने आजोबांचा कोट घालावा, तसे दिसले! मी ते परत केले आणि वडिलांचे जुने एचएमटी बाहीखाली लपवले.

इतक्यात सौभाग्यवतींनी विचारले, “परतीच्या गाडीला किती अवकाश?”

धिप्पाडांनी ऐटीत हात वर केला. घड्याळ सव्वानऊ दाखवीत होते. दुपार तर केव्हाच कलली होती! “घरी तीस आहेत,” ते ओशाळून म्हणाले. “रोज एकेकाची पाळी. मनगट हलले की याला किल्ली बसते. पेटीत दोन दिवस पडले की थांबते. सकाळी वेळ लावायची राहिली.”

सडपातळांनी हळूच स्वतःचा हात खिशात घातला. त्यांचीही तीच गत असावी!

मग मी बाही वर केली. वडील रोज सकाळी चहाआधी किल्ली देत. आता मी देतो.

“तीन वाजून दहा मिनिटे,” मी म्हणालो.

दोघांनीही मुकाट्याने आपापली घड्याळे माझ्या घड्याळाबरहुकूम लावून घेतली!