कोमोचा व्होल्टा

मिलानच्या कादोर्ना स्थानकातून सुटलेली गाडी तासाभरात कोमोच्या तळ्याकाठी पोहोचते. उतरलेले बहुतेक लोक बोटीच्या धक्क्याकडे वळतात. मी मात्र तळ्याच्या कडेकडेने पश्चिमेला निघालो, कारण तिकडे घुमटाची ती देवळासारखी वास्तू आहे: तेम्पिओ व्होल्तियानो, म्हणजे व्होल्टाचे संग्रहालय. बॅटरी शोधणारा आलेस्सांद्रो व्होल्टा याच गावात १७४५ साली जन्मला.

आत काचेच्या कपाटांत धातूच्या चकत्यांच्या चवडी आहेत. त्यांची गोष्ट एका बेडकापासून सुरू होते. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातूंच्या स्पर्शाने आखडताना पाहिले आणि वीज प्राण्याच्या अंगातच असते, असे १७९१ मध्ये मांडले. व्होल्टाला आधी ते पटले, मग शंका आली. वीज धातूंमुळे निर्माण होत असेल, तर बेडूक हवा कशाला? त्याने दोन धातू स्वतःच्या जिभेला लावून पाहिले. चव आंबट लागली. पुढे चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा अशी चवड रचून त्याने अखंड वाहणारी वीज मिळवली. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की दोन्ही कानांत सळ्या घालून वीज सोडली तेव्हा काहीतरी रटरट उकळल्यासारखा आवाज आला. मेंदूला धक्का पोहोचेल या भीतीने त्याने तो प्रयोग पुन्हा फारसा केला नाही. विजेचे मोजमाप स्वतःच्या देहावर घेणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

मात्र इथल्या बऱ्याच वस्तू मूळ नाहीत. चवडीच्या शोधाच्या शताब्दीनिमित्त १८९९ मध्ये तळ्याकाठी मोठे प्रदर्शन भरले होते. ८ जुलैला त्याला आग लागली आणि व्होल्टाची बहुतेक उपकरणे जळून गेली. वाचलेली थोडी आणि जुन्या नमुन्यावरून पुन्हा घडवलेली बाकीची अशी मांडणी इथे आहे. सुती कापडाचे कारखानदार फ्रांचेस्को सोमाइनी यांनी ही वास्तू बांधवून गावाला दिली. ती १९२८ मध्ये खुली झाली.

व्होल्टाचेही सगळे बरोबर नव्हते. नुसत्या धातूंच्या स्पर्शाने वीज वाहते, असे तो शेवटपर्यंत मानत राहिला. चवडीतली वीज खरे तर रासायनिक क्रियेतून येते. आणि आपल्या नसांतून विजेचे संदेश धावतातच, म्हणजे गॅल्व्हानीही पुरता चुकला नव्हता. बॅटरीचे श्रेय व्होल्टाचे खरे, पण माझ्या मते गॅल्व्हानीचा बेडूक समोर नसता तर ती चवड रचलीच गेली नसती.