निधान

पंप म्हटला की आपल्याला बटण आठवते. दाबले की पाणी आले पाहिजे. नाही आले तर पंप खराब. खरे तर आपल्या भागाला पंपाचे अप्रूप नसावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून सुरू झाला आणि पुढे किर्लोस्करवाडीला १९२६ साली त्यांनी सेंट्रिफ्यूगल पंप तयार केला. इतक्या वर्षांत पंप विकत घ्यायला आपण शिकलो. पण पंप बसवणे ही वेगळी विद्या आहे, हे मात्र अनेकांच्या गावी नसते.

घटप्रभेच्या काठी आमच्या गावच्या शेतकऱ्यांची पाणीउपसा योजना आहे. घरची थोडी जमीन तिच्यात असल्याने मीही सभासद. तीन वर्षांपूर्वी योजनेवर नवा पंप बसला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची बेअरिंगे दोनदा गेली. एप्रिल महिना, उसाची पाळी चुकलेली, पाने करपू लागलेली. सभेत आवाज चढले. कुणी म्हणाले माल खोटा, कुणी म्हणाले कर्ज काढा आणि दुसरा पंप आणा. शेवटी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कन्नड मिस्त्रींना बोलवायचे ठरले.

मिस्त्रींनी आधी पंप उघडला नाही. त्यांनी डिलिव्हरी पाइपाच्या फ्लँजचे बोल्ट सोडायला लावले. शेवटचा बोल्ट सुटताच पाइप अर्धा बोट बाजूला सरकला. म्हणजे तो मुळात पंपासमोर आलाच नव्हता; बोल्ट आवळून ओढून आणला होता आणि त्याचा सगळा ताण पंपाच्या अंगावर पडत होता. मग त्यांनी लोखंडी बैठकीवर हातोडीने हलके ठोकले. एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला. खाली ग्राउट नीट भरलेच नव्हते.

"मिस्त्री, संध्याकाळपर्यंत पाणी मिळेल ना?" आमच्यातल्या एकाने विचारले.

"निधान री," ते म्हणाले. "चार दिवस थांबा. नाहीतर दर महिन्याला थांबा."

उभा ऊस वाळत असताना चार दिवस थांबणे सोपे नव्हते. कुरकुर झाली. पण दुसरा मार्ग कुणाकडे नव्हता. बैठक लेव्हलमध्ये घेऊन ग्राउट पुन्हा भरले आणि ते पक्के होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मग अलाइनमेंट. मोटारीचा दांडा वेगळा, पंपाचा वेगळा. कपलिंगने दोघे जोडायचे. दोन्ही दांड्यांची मध्यरेषा एक यावी लागते. कपलिंगमध्ये रबरी बुश असतात, ते सांभाळून घेतील अशी आपली समजूत. मिस्त्री म्हणाले, "रबर सोसतं सर, बेअरिंग सोसत नाही." प्रथम मोटारीचे चारही पाय सारखे टेकतात का, हे पाहिले. एक पाय किंचित अधांतरी होता. त्याखाली पातळ पत्र्याची शिम गेली. मग कपलिंगच्या एका अर्ध्यावर डायल गेज बसवून त्याची टोकणी दुसऱ्या अर्ध्याच्या कडेवर टेकवली. दोन्ही दांडे एकत्र पाव-पाव फेरा फिरवून वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे आकडे घेतले. वरच्या आणि खालच्या आकड्यांत ०.४० मिलिमीटरचा फरक निघाला, तर दांड्याची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.२० ने चुकलेली असते. तो फरक केसाच्या जाडीच्या आत येईपर्यंत शिम घालणे-काढणे चालले. कपलिंगच्या तोंडावरही तसेच माप घेतले. त्यानंतर पाइप आखूड-लांब करून, कुठेही न ओढता जोडला आणि पुन्हा गेज लावला. काटा जागचा फारसा हलला नाही, तेव्हा कुठे मिस्त्री बसले.

त्यांच्या हाताखाली गावातला आयटीआय झालेला मुलगा होता. यांचे मराठी तुटक, त्याचे कन्नड तुटक. गेजचे आकडे मात्र दोघांना सारखेच कळत होते.

कपलिंग जोडण्याआधी मोटार एकटी फिरवून पाहिली. ती उलटी फिरत होती. तीनपैकी दोन फेजच्या तारा अदलाबदल करताच सुलटी झाली. उलटा फिरणारा पंपही थोडे पाणी देतो, म्हणून ही चूक पुष्कळदा लक्षात येत नाही. नंतर सक्शन पाइप आणि पंप पाण्याने काठोकाठ भरून हवेच्या तोटीतून अखंड धार येईपर्यंत हवा काढली, कारण असा पंप कोरडा असताना पाणी ओढू शकत नाही. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बटण दाबले, म्हणजे सुरुवातीला मोटारीवर भार कमी. लगेच अँमीटरवर नजर ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. बंद व्हॉल्व्हवर फार वेळ चालवले तर आतलेच पाणी तापते. ग्लँडमधून थेंब पडताना पाहून एकजण पाना घेऊन धावला. मिस्त्रींनी हात धरला. तो थेंबच पॅकिंगला आणि दांड्याला थंड ठेवतो.

दिवसभर पंप चालवून, थांबवून, गरम असताना त्यांनी पुन्हा एकदा गेज लावला आणि मगच हिशोब घेतला. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, बेअरिंग बदललेले नाही. दुसरा पंप घ्यायला निघालेले कर्ज वाचले.

मी भाषा शिकवतो, त्यामुळे त्यांचा तो शब्द माझ्या कानात राहिला. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश. मराठीत 'निधान' म्हणजे ठेवा, पुरलेले धन. आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे दोन्ही अर्थ आपलेच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण तर आपण येता-जाता वापरतो, पण पंप बसवणाऱ्याच्या मागे उभे राहून "आज होईल ना?" असे विचारणारेही आपणच असतो.

पंपघराच्या भिंतीवर त्या मुलाने गेजचे शेवटचे आकडे तारखेसह ऑइलपेंटने लिहून ठेवले आहेत. पुढे कधी पंप काढावा लागला, तर येणाऱ्या मिस्त्रीला, तो कुठल्याही भाषेचा असो, ते वाचता येतील.