आजीची वीत, माझी पट्टी

सागरी विज्ञानाच्या प्रकल्पासाठी गेल्या वर्षी काही महिने मी पहाटेच मालीम जेटीवर जायचे. सोबत मोजपट्टी, वजनकाटा आणि वही. बोटी लागल्या की टोपल्यांतले थोडे बांगडे मागून घ्यायचे, त्यांची लांबी मोजायची आणि तांडेलाला विचारायचे, "किती तास होता समुद्रात?"

पहिल्या दिवशी भरलेल्या टोपल्या पाहून मी म्हटले, "मासळी तर भरपूर आहे!" आमच्या मॅडम हसल्या. "टोपल्या मोजू नकोस, तास मोज." दहा टोपल्यांसाठी पूर्वी चार तास लागत असतील आणि आता दहा, तर बाजारात फरक दिसत नाही, समुद्रात मात्र पडलेला असतो.

दुसरे माप लांबीचे. एकदाही अंडी न घालता मासा जाळ्यात आला, तर पुढची पिढी येणार कुठून? केरळने २०१५ मध्ये किमान आकार ठरवले: बांगडा १४ सेंटीमीटर, तारली १०. शिवाय हे लहान मासे विसवणासारख्या मोठ्या माशांचे अन्न. ते कमी झाले की वरचेही उपाशी. अर्थात दोष फक्त जाळ्यांचा नसतो. पाऊस आणि पाण्याचे तापमान यांनीही मासळी कमीजास्त होते. म्हणूनच एका वर्षाची वही पुरत नाही, अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

एके दिवशी घरी आले, तर पानात बांगडेच. माझ्या पट्टीवर १४ सेंटीमीटरही न भरणारे. आजी म्हणाली, "आमच्या वेळी बांगडा कसा, वीतभर असायचा!" मला ते नेहमीचे जुन्याचे कौतुक वाटले. हुमण छान झाले होते. मी मुकाट्याने जेवले.

नंतर डॅनियल पॉली यांचा १९९५ मधला एक छोटा लेख वाचला. प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलेला समुद्रच भरलेला समजते, त्यामुळे एकूण घट कुणाच्या लक्षातच येत नाही, असे ते म्हणतात. फ्लोरिडातल्या की वेस्टमध्ये तर हौशी मासेमारांच्या जुन्या फोटोंवरून घट मोजली गेली. १९५०च्या दशकात पकडलेल्या बक्षिसाच्या माशाचे सरासरी वजन सुमारे २० किलो होते, २००७ मध्ये ते जेमतेम २.३ किलो भरले. फोटोतल्या माणसांचा आनंद मात्र तेवढाच!

मी आमचा अल्बम काढला. एका फोटोत आजोबांनी विसवण धरलाय, शेपटी गुडघ्याखाली. एका फोटोने काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण त्या दिवसापासून वहीत एक वेगळे पान आहे: आजीला आठवणारे मासे, ठिकाण आणि अंदाजे साल.

तुमच्याही घरी अशी वीत असेल. ती हसण्यावारी नेऊ नका. विचारा, आणि सालासकट लिहून ठेवा.